सीट मागं सरकवली की फ्यूज उडतो

प्रश्न : नमस्कार दादा. माझी २००८ ची स्विफ्ट आहे. राहायला राजारामपुरीत आणि नोकरी गगनबावड्याला शाळेत, म्हणजे जाऊन येऊन रोजचे ११० किलोमीटर. पावसाळ्यात कळे सोडलं की सगळं धुकं आणि गारवा, दिवाळीनंतर पहाटेची थंडी, त्यात माझी कंबर आधीच धरलेली. म्हणून गेल्या वर्षी उद्यमनगरातल्या एका वायरमनकडून पुढच्या दोन्ही सीटना हीटरचं किट बसवून घेतलं. आता झालंय असं, की माझ्या सीटची बैठक गरम होते पण पाठ गारच. आणि शेजारी सासूबाई बसल्या, त्यांनी पाय लांब करायला सीट मागं घेतली की फ्यूज उडायचा. वायरमननं १५ अँपिअरचा काढून ३० चा घातला, तेव्हापासून उडत नाही पण परवा साळवणजवळ सीटखालून जळका वास आला. सासूबाईंना शुगर पण आहे. काय करू? किट काढूनच टाकू का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : सर, आधी एक काम करा, हे वाचायचं ठेवून गाडीकडं जा आणि तो ३० चा फ्यूज काढा. दुसरा घालू पण नका, बिनफ्यूजचं राहू दे चार दिवस. कंबर दुखलेली परवडली.

फ्यूज असतो तो वायरसाठी, ती जास्त तापायच्या आधी तो उडावा म्हणून. या किटमधला एक पॅड (कव्हरखालची तापणारी गादी) साधारण २५ ते ३० वॅटचा, म्हणजे दोन-अडीच अँपिअर. एका सीटला बैठकीचा एक आणि पाठीचा एक असे दोन पॅड, म्हणजे ४ ते ५ अँपिअर, दोन्ही सीट चालू केल्या तरी ८ ते १०. त्याला १५ चा फ्यूज अगदी बरोबर होता. तरी उडत होता म्हणजे प्लसची वायर कुठंतरी बॉडीला टेकत होती. ३० चा घातल्यानं ती टेकायची थांबली नाही, फक्त आता फ्यूज जायच्या आधी वायरच तापतीय, आणि तुम्हाला आलेला वास बहुतेक तिच्या प्लास्टिकचा. वर फोम, कव्हर आणि त्यावर माणूस बसलेला. म्हणून एवढं कळवळून सांगतोय.

वायर कुठं टेकतीय ते तुम्ही स्वतःच लिहिलंय. सीट मागं घेतली की उडतो, म्हणजे सीट ज्यावर सरकते तो रेल बघायचा. बॅटरीची मायनस काढा, सीट पुढं घेऊन मागचे दोन बोल्ट, मग मागं घेऊन पुढचे दोन बोल्ट काढा आणि सीट कलती करा. माझ्याकडं आलेल्या एका जुन्या गाडीत मी हेच बघितलंय, लाल वायरची साल नखाएवढी गेलेली, आतलं तांबं काळं पडलेलं आणि रेलच्या ग्रीसमध्ये नेमक्या त्याच जागी मोहरीएवढा जळका ठिपका. बसवणाऱ्यानं वायरला टाय मारला होता, पण सीट पुढं असताना मारला, त्यामुळं सीट मागं गेली की वायर ताणून रेलच्या धारेवर बसायची. तसला तुकडा टेप गुंडाळून ठेवू नका, कापून टाका, नवीन वायर जोडा, सांध्यावर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) आणि सगळ्यावर नळीची स्लीव्ह घाला. टाय सीटच्या फ्रेमला मारा आणि वायरीला ढील ठेवा. मग सीट या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा सरकवून, खाली डोकं घालून बघा वायर कशी हलते. त्यानंतरच १५ चा फ्यूज.

आता तुमची गार पाठ. बैठक तापते आणि पाठ तापत नाही म्हणजे दोन्ही पॅड पॅरलल, म्हणजे प्रत्येकाला वेगळा करंट असे जोडलेत, सिरीजमध्ये म्हणजे एकामागं एक असते तर एक गेला की दोन्ही बंद पडले असते. सीट मागंपुढं कलती करताना बैठक आणि पाठ यांच्या खाचेतला कपलर (वायरींचा जोड) ओढला जातो, आधी तो बघा. तो नीट असेल तर सोडवून पॅडच्या बाजूच्या दोन पिनांवर मल्टीमीटर लावा. ५-६ ओहम दाखवलं तर पॅड चांगला आहे आणि घोटाळा वायरिंगमध्ये आहे. काहीच दाखवलं नाही तर पॅडमधली तार तुटलीय. ती तार जोडायच्या फंदात पडू नका, सांधा तेवढाच जास्त तापतो आणि कव्हरला भोक पाडतो. नवीन पॅड घ्या. आणि सीटवर गुडघा टेकवून मागची बॅग काढायची सवय असेल तर सोडा, बरेच पॅड त्यानंच जातात.

किटला करंट कुठून घेतलाय तेही बघून घ्या. सिगारेट लायटरच्या वायरीवरून घेतला असेल तर बदला. बॅटरीच्या प्लसवरून अडीच स्क्वेअर एमएमची वायर, फ्यूज बॅटरीच्या जवळच, आणि रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) चावीवर, म्हणजे चावी बंद की हीटर बंद. रिले चावीवर नसेल आणि स्विच चुकून चालू राहिला तर शाळा सुटेपर्यंत बॅटरी झोपलेली असेल. वायर बारीक किंवा अर्थ (बॉडीला जोडलेली मायनसची वायर) ढिला असला तर हीटर मंद चालतो हे पण ध्यानात ठेवा, १४ व्होल्टच्या जागी पॅडला १२ च मिळाले तर उष्णता पाव भागानं कमी होते. लोक म्हणतात किट हलकं, खरं तर पुष्कळदा अर्थचा एक गंजलेला स्क्रू असतो.

सासूबाईंचं मात्र मनावर घ्या. शुगर जुनी असेल तर पाय-मांड्यांची संवेदना कमी झालेली असू शकते, चटका बसतोय हे कळतच नाही आणि भाजून फोड येतो. त्यांच्या बाजूला लो वर दहा मिनिटं, मग बंद, आणि तो स्विच तुमच्या हाताशी असू दे. डॉक्टरांनाही एकदा विचारा.

किट काढू नका. नीट बसवलं तर कंबरेला खरंच आराम पडतो.

प्रश्न : जुनी परदेशी बनावटीची गाडी घेतली, सीट हीटर कंपनीचाच आहे. बटण दाबलं की दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. सीट मी घरीच उघडू का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : कंट्रोल युनिटला पॅड तुटलेला किंवा तापमानाचा सेन्सर गेलेला दिसला की बऱ्याच गाड्यांत ते असंच बंद होतं. आधी गॅरेजमध्ये स्कॅनर लावून बिघाडाचा कोड बघा. आणि सीटखाली पिवळा कपलर असेल तर भावा, घरी हात लावू नको, ती एअरबॅगची लाईन आहे. माहितगार माणूस बॅटरी काढून, थोडा वेळ थांबून मगच तो कपलर सोडवतो, आणि त्या वायरीवर मल्टीमीटर कधीच लावत नाही.