फेअरी, परी आणि साती आसरा

विचारणा अशी आहे: मुलांसाठी आयरिश लोककथा मराठीत आणताना ‘फेअरी’च्या जागी बिनदिक्कत ‘परी’ लिहिलं. मग शंका आली. दोन्ही शब्द उच्चाराला इतके जवळ, तर मूळ एकच का? आणि ‘परी’ यायच्या आधी मराठी माणूस या न दिसणाऱ्या मंडळींना काय म्हणत होता?

पहिलीचा निकाल लगेच लागतो. मूळ एक नाही. फेअरी निघाली लॅटिन ‘फाता’पासून, म्हणजे माणसाचं नशीब ठरवणाऱ्या देवतांपासून, आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेली. आपली परी फारसी. तिची पूर्वज अवेस्तातली, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातली ‘पइरिका’, आणि ती काही गोजिरवाणी नव्हती. तिश्त्र्य या पाऊस आणणाऱ्या ताऱ्याच्या स्तोत्रात या पइरिका तुटत्या ताऱ्यांच्या रूपाने आभाळातून पडतात आणि तिश्त्र्य त्यांचा पाडाव करतो. त्यांतल्या एकीच्या नावाचा अर्थच ‘वाईट साल’, म्हणजे दुष्काळ. पुढे फारसी कवितेत तीच सुंदरीची उपमा झाली आणि त्या नव्या रूपातच आपल्याकडे पोचली. पांढरा झगा आणि चांदणीची छडी मात्र विलायती चित्रांच्या पुस्तकांनी तिच्या हाती दिली.

जाता जाता: जुन्या पोथीत ‘परी’ दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. ज्ञानेश्वरीतल्या ‘परि अमृतातेंही पैजा जिंके’मधला परि म्हणजे ‘पण’. ‘फुलापरी’, ‘नानापरी’, ‘आपल्या परीने’ यांतली परी पुन्हा वेगळी. पंख कोणालाच नाहीत.

दुसऱ्या प्रश्नात खरी मजा आहे. माझ्या आजोळी ओढ्याच्या डोहाकाठी सात दगड होते, शेंदूर फासलेले, एका ओळीत. दिसायला काहीच नाही, पण भर दुपारी बाराला तिकडे फिरकायचं नाही. ‘आसरा खेळत असतात’, मामी सांगायची. बाळंतीण सव्वा महिन्याने पहिल्यांदा पाण्यावर जायची ती हिरव्या बांगड्या, हळदकुंकू आणि दहीभात घेऊन. त्या सात जणी म्हणजे साती आसरा. कोणी पोरगी पाण्यावरून आली आणि फणफणली, की म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत म्हणायच्या, ‘आसरांची नजर पडली असंल.’

लहानपणी मला वाटे, आसरा म्हणजे थारा देणाऱ्या, म्हणून आसरा. चूक. ‘आसरा दिला’मधला आसरा आश्रयापासून आलेला, पुल्लिंगी. डोहातली आसरा स्त्रीलिंगी, आणि ती म्हणजे चक्क अप्सरा. विश्वास बसत नसेल तर हे बघा. संस्कृतातले त्स आणि प्स प्राकृतात ‘च्छ’ होतात. बाराव्या शतकात हेमचंद्र या प्राकृताच्या व्याकरणकाराने दोन्हींना एकाच सूत्रात बसवलं आणि उदाहरणांत ‘अच्छरा’ दिलं. मराठी पुढे या च्छचा स करते आणि आधीचा स्वर लांबवते. वत्सचं वच्छ, मग वासरू. मत्स्याचा मच्छ, मग मासा. कच्छपाचं कासव. हिंदीने छ सोडला नाही, म्हणून तिकडे बछड़ा, मछली, कछुआ. त्याच वाटेने अप्सरा, अच्छरा, आसरा. वासरू आणि मासा ज्या घाटाने उतरले त्याच घाटाने आसराही उतरली.

आणि आता मला या शब्दाबद्दल जे सर्वांत आवडतं ते. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात, अप्सरेची फोड ‘अप्सारिणी’ अशी केली आहे, म्हणजे पाण्यात वावरणारी. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात पुरूरवा राजा उर्वशी या अप्सरेला शोधत कमळांच्या तळ्याशी येतो, तेव्हा अप्सरा पाणपक्ष्यांच्या रूपात पोहत असतात. पुराणांतली, नाटकांतली अप्सरा पुढे इंद्राच्या दरबारात नाचायला गेली आणि पाणी विसरली. झिजलेली, अशुद्ध ठरवलेली आसरा मात्र डोह सोडून हलली नाही. जुना अर्थ तत्समाने, म्हणजे जशाच्या तशा उरलेल्या संस्कृत शब्दाने टाकला; तद्भवाने, म्हणजे झिजून बदललेल्या शब्दाने जपला. म्हणून एखाद्या विहिरीवर नव्या रंगात ‘सप्त अप्सरा’ अशी पाटी दिसली की मला वाईट वाटतं. शुद्धलेखन सुधारलं, पण बाई दरबारी झाली.

कोकणात आणि मावळात याच मंडळींना मावलाया म्हणतात, म्हणजे छोट्या आया. ‘मावळ’ हे नाव आपण सहसा सूर्य मावळण्याशी जोडतो. इतिहासकार दामोदर कोसंबींनी ते या मावलायांशी जोडलं आणि कार्ल्याच्या लेण्यातल्या शिलालेखात या भागाचं आलेलं ‘मामाल’ हे नाव पुरावा म्हणून पुढे ठेवलं. मला त्यांचं म्हणणं पटतं, कारण मावळात पाण्याच्या कडेने फिरलं की शेंदूर फासलेले असे दगड अजून भेटतात.

बाकीच्या भुताखेतांच्या नावांची वंशावळ थोडक्यात. जखीण ही यक्षिणी, प्राकृत जक्खिणीमार्गे. समंध म्हणजे ‘संबंध’च, मेल्यावरही न सुटलेला. खवीस अरबी ‘खबीस’वरून, अर्थ दुष्ट, घाणेरडा. चकव्याला व्युत्पत्तीची गरज नाही. रात्री त्याच बांधावर तिसऱ्यांदा पोचलात की कळतं.

आता तुमचं भाषांतर. आयर्लंडच्या खेड्यात या लोकांचं नाव सरळ घेत नाहीत, ‘भली माणसं’ म्हणतात, ती भली नसतात म्हणूनच. आपणही तेच करतो: ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हणतो आणि पुढे बोलत नाही. तिकडे ही भीती अजून पुरती गेलेली नाही. क्लेअर परगण्यात लाटूनजवळ १९९९ मध्ये ‘फेअरींचं झाड’ मानलेल्या एका काटेरी झुडपासाठी महामार्गाच्या आराखड्यात बदल झाला. अशा कथेत ‘परी’ लिहिलीत तर पोरगं वाढदिवसाच्या केकवरची बाहुली डोळ्यांसमोर आणील आणि पाळण्यातलं मूल पळवून नेणारी ती कोण, हे त्याला कळणारच नाही.

पण म्हणून सगळीकडे ‘आसरा’ही ठोकू नका. आसरा पाणी सोडून राहत नाही, आणि आयरिश मंडळी बहुतेकदा टेकाडाखाली राहतात. त्यांचं तिकडचं नाव ‘शी’, त्याचा अर्थच टेकाड. मी त्यांना ‘भली माणसं’च म्हटलं असतं, आणि गोष्टीतल्या म्हातारीच्या तोंडी एकदा ‘बाहेरचं’ घातलं असतं. तळ्यातून किंवा झऱ्यातून कोणी वर येत असेल तिथे आसरा खुशाल वापरा. फक्त रूपं सांभाळा: ती आसरा, त्या आसरा, आसरेला, आसरांना. ‘आसऱ्याला’ लिहिलंत, तर वाचक धर्मशाळा शोधत बसेल.