धरण तेच, वर्ग वरचा

प्रश्न : आमच्या घरच्या मालकीचं मातीचं छोटं धरण आहे, उंची ९ मीटर. वडिलांनी बांधलं त्याला ४० वर्षं झाली, कधी काही झालं नाही. दरवर्षी झुडपं काढतो, माथ्यावर मुरूम टाकतो. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला, जाळीसुद्धा लावली आहे. आजवर ते 'कमी धोका' वर्गात होतं. यंदा तपासणी करणाऱ्यांनी भिंतीत एकही दोष न दाखवता ते 'उच्च धोका' वर्गात टाकलं. हा अन्याय नाही का?

उत्तर : तुमचा राग ओळखीचा आहे. मी धरणं तपासत फिरायचो तेव्हा वर्ग बदलला म्हटलं की मालक हमखास विचारायचे, "अहो, पण भिंतीला झालंय काय?" भिंतीला काहीच झालेलं नसायचं. हा वर्ग भिंतीची प्रकृती सांगतच नाही. धरण फुटलं तर खाली कुणाचं काय होईल, एवढंच सांगतो. माणसं दगावण्याची शक्यता असेल तर उच्च. जीव जाणार नाहीत पण रस्ते-पुलांचं मोठं नुकसान होईल तर मधला. नुकसान बहुतेक मालकापुरतंच असेल तर कमी. तुमच्या धरणाखाली मधल्या काळात घरं झाली असणार. घरं दुसऱ्यांनी बांधली आणि खर्च तुमच्या गळ्यात, याची चीड येणारच. मलाही ते फारसं न्याय्य वाटत नाही. पण ती घरं आता तिथे आहेत.

कमी वर्ग म्हणजे निर्धास्त, असंही नाही. हवाईतल्या काउआई बेटावरचं का लोको हे खासगी मातीचं धरण 'कमी धोका' वर्गातच होतं. १४ मार्च २००६ रोजी ते फुटलं आणि ७ माणसं गेली.

मी अडखळलो ते मात्र तुमच्या जाळीपाशी. ती आजच काढा. मातीचा भराव पुष्कळ सोसतो, माथ्यावरून वाहणारं पाणी सोसत नाही. बाहेरच्या उतारावरची माती खरवडत घळ माथ्यापर्यंत येते आणि मग थांबत नाही. पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण एका मासेमारी क्लबच्या मालकीचं होतं. त्यांनीही माशांसाठी सांडव्यावर जाळ्या बसवल्या, त्यात ओंडके-पालापाचोळा अडकला. ३१ मे १८८९ रोजी पाणी माथ्यावरून गेलं. २,२०९ माणसं मेली.

दुसरं, पाणी सोडण्यासाठी भरावातून जाणारा पाइप. कोलोराडोतलं लॉन लेक धरण तुमच्यापेक्षा थोडं बुटकंच, १९०३ साली बांधलेलं. पाइप आणि व्हॉल्व्हच्या सांध्यातून पाणी झिरपून आतली माती वाहत राहिली आणि ७९ वर्षं उभी असलेली भिंत १५ जुलै १९८२च्या पहाटे गेली. तेव्हा ४० वर्षांचा दाखला मला देऊ नका.

पायथ्याशी पाझर असेल तर त्याचं पाणी काचेच्या बाटलीत धरून बघा. नितळ असेल तर किती येतंय ते तारखेसह लिहून ठेवा. वाढत गेलं तर इंजिनिअरला दाखवा. गढूळ असेल तर माती वाहतेय. मग आधी खालच्या घरांना कळवा, नंतर इंजिनिअरला. उच्च वर्गात आणीबाणीचा आराखडा बहुतेक ठिकाणी मागतातच. त्याचं पहिलं पान म्हणून त्या घरांचे फोन नंबर या आठवड्यातच लिहून काढा.