तरुणपणापासून आवडणाऱ्या संगीतकाराचं आत्मचरित्र वाचून त्याच्याबद्दलचं तुमचं मत बदललं का?

हो, बदललं. सुधीर फडके यांचं 'जगाच्या पाठीवर'.

मी विट्याचा. वडील यंत्रमागावर होते. शेडमध्ये बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागायचं, पण टेपवर बाबूजी, म्हणजे फडके, लागले की त्या खडखडाटातूनही शब्द न् शब्द कळायचा. जोडाक्षर पुरं उमटायचं आणि तरी सूर तुटायचा नाही. त्यात बाबूजींनी संगीत दिलेल्या गीतरामायणाचे कवी गदिमा आमच्याच जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, त्यामुळे गीतरामायण म्हणजे घरचं कार्य. इतकं नितळ गाणारा माणूस स्वस्थ, सुखवस्तू घरात वाढला असणार, असं कॉलेजच्या वयात मनात बसलेलं.

पुस्तकात वेगळंच निघालं. कोल्हापुरात वकिलाच्या घरी जन्म, वामनराव पाध्ये यांच्याकडे तालीम, इथपर्यंत ठीक. मग घरची घडी विस्कटली आणि हा पोरगा मुंबईत उपाशीपोटी हिंडतोय. पुढे गाण्याचे कार्यक्रम करत उत्तर हिंदुस्थान पालथा घालून थेट कलकत्त्यापर्यंत जातोय. नवं गाव, अनोळखी माणसं, आजचं जेवण आजच्या गाण्यावर. ती पानं मला एका बैठकीत वाचवली नाहीत. लिहिणं अगदी साधं आहे, कुठे अश्रू काढायचा प्रयत्न नाही, म्हणून जास्तच लागतं.

एक मात्र सांगून ठेवतो: हे आत्मचरित्र अपूर्ण राहिलंय. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणाची ५६ गाणी कशी घडली, हे जाणून घ्यायला म्हणून घेऊ नका. धडपडीची वर्षं वाचायला घ्या.

बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर हे त्यांचे आदर्श, त्यामुळे भावपूर्ण गाण्याचं वळण कुठून आलं ते कळतं. पण ऐकणाऱ्यापर्यंत शब्द स्वच्छ पोचलाच पाहिजे हा जो त्यांचा हट्ट होता, तो त्या भटकंतीत पक्का झाला असावा असं मला वाटतं. समोरचा माणूस पहिल्या ओळीला धरला नाही, तर रात्री उपास! करुण गाणीही ते जराही रडवेपणा न आणता म्हणतात. त्याचं सगळं श्रेय मी पूर्वी तालमीला द्यायचो, आता निम्मं तरी त्या उपाशी वर्षांना देतो.