शिकारीचं काडतूस घरी भरताना : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणारे काही मराठी वाचक रायफलची काडतुसं स्वतः भरायला शिकताहेत. त्यांचे आणि पुण्याच्या एका वाचकाचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. दारूचं, म्हणजे पावडरचं, वजन मात्र आम्ही कोणत्याही उत्तरात छापलेलं नाही. मासिकात एक आकडा चुकीचा पडला तर रायफल फुटू शकते. तो आकडा बुलेट (नळीतून सुटणारी गोळी) किंवा पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यावा. शक्यतो दोन मॅन्युअल समोर ठेवावीत.

प्रश्न : माझ्याकडे .३०८ विंचेस्टरची बोल्ट रायफल आहे. दोन हंगाम विकतची काडतुसं वापरली, त्यांची रिकामी पितळं जपून ठेवली आहेत. सुरुवात करायला काय काय घ्यावं आणि क्रम कसा असतो? (वाचक, विस्कॉन्सिन)

एका वेळी एकच काम करणारा साधा, म्हणजे सिंगल स्टेज, प्रेस घ्या. दांडा ओढला की काडतूस बाहेर पडणारे वेगवान प्रेस नवशिक्यासाठी नाहीत, कारण त्यात पाच कामांवर एकदम लक्ष ठेवावं लागतं. प्रेसबरोबर .३०८चा डाय सेट (केसला, म्हणजे रिकाम्या पितळाला, माप देणारे साचे), शेल होल्डर (केसचं बूड धरणारा तुकडा), तराजू आणि त्याची तपासणी-वजनं, कॅलिपर, प्रायमर (पिनच्या ठोक्याने पेटून पावडर पेटवणारी बुडातली टोपी) बसवायचं हत्यार, केस छाटायचं ट्रिमर, तोंडाची धार काढायचं हत्यार, वंगण, फनेल, ५० भोकांचा लाकडी किंवा प्लास्टिकचा ठोकळा आणि चुकलेलं काडतूस उकलायला बुलेट पुलर. तराजू आणि कॅलिपरवर पैसे वाचवू नका. बाकीचं जुनं मिळालं तरी चालतं.

आधी प्रत्येक केस उजेडात फिरवून पाहा. तोंडाशी चीर, पोटावर खोल ओरखडा किंवा बुडाजवळ चकाकती रेघ दिसली तर ती केस चिमटून बाद करा. केसच्या आत डोकावलं की एकच छिद्र दिसायला हवं. दोन बारीक छिद्रं म्हणजे बर्डन पद्धतीचा प्रायमर. तो नेहमीच्या डायने निघत नाही, उलट डायची पिन मोडते.

मग केसला वंगणाचा पातळ हात लावून ती डायमध्ये घाला. इथे जुना प्रायमर निघतो आणि केस मूळ मापाला येते. वंगण कमी पडलं तर केस डायमध्ये अडकून बसते, जास्त झालं तर केसच्या खांद्यावर (मानेकडे निमुळत्या होणाऱ्या भागावर) पोचे पडतात. काम झाल्यावर ते पूर्ण पुसा. तेलकट केस चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला धरून राहत नाही आणि बारचा सगळा धक्का बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर) येतो.

आता लांबी मोजा. .३०८च्या केसची कमाल लांबी २.०१५ इंच, छाटून आणायची लांबी २.००५ इंच. लांब राहिलेल्या केसचं तोंड चेंबरच्या टोकाला टेकून बुलेटवर आवळलं जातं आणि दाब अचानक चढतो. छाटल्यावर आतली-बाहेरची धार घासून घ्या, प्रायमरचा खड्डा साफ करा, नवा प्रायमर बसवा. बुडावरून बोट फिरवलं की प्रायमर किंचित खाली लागला पाहिजे. वर राहिलेल्या प्रायमरवर पिनचा पहिला ठोका त्याला आत ढकलण्यातच खर्च होतो आणि हरण समोर असताना बार उडत नाही.

पावडर भरताना टेबलावर एकच डबा असावा. ग्रेन आणि ग्रॅम यांची गल्लत होऊ देऊ नका : १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, १ पौंडात ७००० ग्रेन. तराजू प्रत्येक बैठकीला तपासणी-वजनाने पाहून घ्यायचा. पंख्याचा वारा आणि शेजारी ठेवलेला मोबाइल, दोन्हींनी इलेक्ट्रॉनिक तराजू भरकटतो. ठोकळ्यातल्या सगळ्या केस भरून झाल्या की बुलेट बसवण्याआधी टॉर्च मारून प्रत्येकीची पातळी पाहा. ही पायरी कधीच गाळू नका. रायफलची पावडर बहुधा केसचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापते, त्यामुळे दुप्पट पडली तर सांडून कळते. अजिबात न पडलेली मात्र बुलेट बसल्यावर दिसत नाही. असं काडतूस झाडलं की नुसत्या प्रायमरच्या जोराने बुलेट नळीत जाऊन अडकते. त्यामागून दुसरा बार काढला तर नळी फुटते. आवाज फुसका आला, खांद्याला धक्का लागला नाही, की तिथेच थांबा. रायफल रिकामी करा, बोल्ट काढा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा.

शेवटी बुलेट. .३०८च्या पूर्ण काडतुसाची कमाल लांबी २.८१० इंच. पण मॅन्युअलमध्ये त्या बुलेटपुढे जी लांबी दिली असेल ती पाळा. अचूकतेसाठी बुलेट नळीच्या आतल्या पीळदार आट्यांना टेकवून बसवायचा सल्ला निशाणेबाजीच्या स्पर्धेतले लोक देतात. शिकारीत तो घेऊ नका. दाब वाढतो आणि शिवाय संध्याकाळी रायफल रिकामी करताना बुलेट आट्यांत रुतून राहते, केस मोकळी बाहेर येते आणि पावडर बोल्टच्या खाचांत सांडते.

प्रश्न : तीनदा भरलेल्या पितळावर बुडाच्या थोडं वर चकाकतं वर्तुळ दिसतंय. घासून गेलं असेल का? एक केस किती वेळा वापरता येते? (वाचक, मिशिगन)

ते घासलेलं नसण्याचीच शक्यता जास्त, त्या केस आता भरू नका. बार झाला की केसचा पुढचा भाग चेंबरला चिकटतो आणि बूड मागे बोल्टकडे ढकललं जातं. मधलं पितळ ताणून पातळ होतं, त्याचंच ते वर्तुळ. पुढच्या एखाद्या बाराला केस तिथेच तुटते आणि तापलेला वायू मागे, डोळ्यांकडे येतो. खात्री करायची तर कागदाची क्लिप सरळ करून तिचं टोक काटकोनात वाकवा, केसच्या आतून भिंतीवरून वर-खाली फिरवा. टोक खाचेत अडकलं की समजायचं.

तीनच वेळांत हे झालं, म्हणजे तुमचा डाय खांदा फार मागे दाबतोय. डायबरोबरच्या कागदात तो शेल होल्डरला टेकवून आणखी थोडा फिरवायला सांगितलेलं असतं. त्याने केस कुठल्याही चेंबरात बसते, पण तुमच्या चेंबरात ती ढिली पडते आणि दर बाराला ताणली जाते. कॅलिपरवर बसणारं खांदा मोजायचं माप घ्या. तुमच्या रायफलमधून निघालेल्या केसचा खांदा मोजा आणि डाय असा लावा की तो ०.००१ ते ०.००२ इंचच मागे जाईल.

किती वेळा याला ठरावीक आकडा नाही. मान चिरली, प्रायमर ढिला बसायला लागला किंवा ही रेघ दिसली, यांतलं जे आधी होईल तिथे केसचं आयुष्य संपलं. एका डब्यातल्या केस एकत्रच भरा आणि किती वेळा भरल्या ते डब्यावर लिहा.

प्रश्न : दुकानात ४३५० नावाची पावडर दोन डब्यांत मिळते, एकावर एच आणि एकावर आयएमआर. एकच ना? आणि कमाल वजनापर्यंत जायला हरकत काय? (वाचक, टेक्सास)

एकच नाही. आकडा सारखा असला तरी जळण्याचा वेग वेगळा आहे, एकीचं वजन दुसरीला लावायचं नाही. ४८९५चंही तसंच.

मॅन्युअलमध्ये सुरुवातीचं वजन दिलेलं असतं तिथूनच निघा. ते नसेल तर कमाल वजनातून १० टक्के वजा करा. पुढे साधारण १ टक्क्याच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला तीन काडतुसं. बुलेट, प्रायमर, केसची कंपनी, यांतलं काहीही बदललं की पुन्हा खाली उतरून सुरुवात. लष्करी ७.६२ची केस बहुधा जाड भिंतीची असते, आत जागा कमी, त्यामुळे तेवढ्याच पावडरीला दाब जास्त होतो. तिच्या प्रायमरच्या कडेला दाबून बसवलेली कडही आधी काढावी लागते.

बोल्ट उचलायला जड गेला, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या पिनचा) चकाकता ठसा उमटला, प्रायमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरला, की थांबायचं आणि मागे यायचं. एकटा चपटा प्रायमर फसवू शकतो, जड बोल्ट मात्र फसवत नाही. .३०८ची मान्य दाबमर्यादा ६२,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. त्या मर्यादेशी झटून सेकंदाला वीस-तीस फूट जास्त मिळवल्याने दीडशे यार्डांवरच्या हरणाला काही फरक पडत नाही. टेक्सासच्या उन्हात गाडीत तापलेल्या काडतुसाचा दाब आणखी चढतो, हे लक्षात घेऊन वरची एक-दोन पायरी सोडूनच द्या.

प्रश्न : कॅलिफोर्नियात शिसं चालत नाही. शिशाच्या बुलेटसाठी ठरवलेलं वजन त्याच ग्रेनच्या तांब्याच्या बुलेटला चालेल का? (वाचक, सॅक्रामेंटो)

नाही. १ जुलै २०१९पासून तिथे सगळ्या शिकारीला शिसंविरहित बुलेटच लागते. शिकार केलेल्या जनावराच्या अवशेषांतलं शिसं कॉन्डॉर गिधाडांच्या पोटात जात होतं, आणि या कायद्याचं आम्ही मनापासून स्वागत करतो. पण तांबं शिशापेक्षा हलकं. त्यामुळे तेवढ्याच वजनाची बुलेट लांब होते, केसमध्ये खोल बसते, पावडरची जागा खाते. तिच्यासाठी वेगळा तक्ता असतो, तोच घ्या. ती आट्यांपासून जरा जास्त अंतरावर, ०.०५० इंचाच्या आसपास, बसवली की बऱ्याच रायफलींत चांगली चालते. लांब बुलेटला नळीच्या आट्यांचा जोराचा पीळ लागतो, म्हणून १८० ग्रेनपेक्षा १५० ग्रेनची आधी करून पाहा.

प्रश्न : निशाणाच्या कागदावर गोळ्यांच्या छिद्रांचा सर्वांत छोटा गट १६८ ग्रेनच्या मॅच बुलेटने येतो. हरणाला तीच वापरू का? (वाचक, ओहायो)

नको. मॅच बुलेट कागदासाठी बनवलेली असते. अंगात शिरल्यावर ती कधी न उघडता आरपार जाते, कधी फुटून वरच्यावर विखुरते. जनावर जखमी होऊन जंगलात निघून गेलं तर त्या छोट्या गटाचा काय उपयोग? शंभर यार्डांवर दीड इंचात बसणारी शिकारीची बुलेट त्याहून कितीतरी बरी.

प्रश्न : काकांच्या नावावर परवान्याची जुनी रायफल आहे. तिची काडतुसं इथे घरी भरता येतील का? (वाचक, पुणे)

नाही. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवायला स्वतंत्र परवाना लागतो, बंदूक बाळगायच्या परवान्यात ते येत नाही. शिकारीवर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे आणि परवाना काढून शिकारीची जी वाट उरली होती ती १९९१च्या दुरुस्तीने बंद झाली. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. तिथली माहिती इथे लावू नका.

प्रश्न : घरात तीन वर्षांची मुलगी आहे. पावडर आणि प्रायमर कुठे ठेवावेत? (वाचक, न्यू जर्सी)

पावडर मूळ डब्यातच, थंड आणि कोरड्या जागी, कुलपात. प्रायमर तिच्यापासून वेगळ्या कपाटात, मूळ पाकिटातच. काचेच्या बरणीत मोकळे ओतलेले प्रायमर एकाच्या ठिणगीने सगळे उडतात. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा मानकात घरातली मर्यादा २० पौंड पावडर आणि १०,००० प्रायमर अशी आहे, पण गावाचा नियम त्याहून कडक असू शकतो, तो आधी विचारा.

मुलीच्या दृष्टीने खरी काळजी शिशाची आहे. नेहमीच्या प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि वापरलेली पितळं कोरड्या भुश्यात घोळवली की त्याची धूळ उडते. घोळवणं घरात करू नका, पाण्यात धुवायची पद्धत वापरा आणि ते पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. टेबलापाशी खाणं-पिणं नाही. उठल्यावर गार पाणी आणि साबणाने हात धुवा, कपडे बदला, मग मुलीला उचला.