सहा माणसं आणि मागे ट्रेलर: कोणती मोठी एसयूव्ही घ्यावी?

नमस्कार. तुमचा प्रश्न असा: डॅलसला राहता, घरात नवरा-बायको आणि दोन मुलं, आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येतायत, उन्हाळ्यात सगळ्यांना घेऊन कोलोरॅडोला जायचंय, भरल्यावर ६,००० पाउंडांच्या आसपास जाईल असा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) पाहून ठेवलाय, तर शेवरलेची टाहो किंवा सबर्बन, फोर्डची एक्स्पिडिशन की टोयोटाची सेक्वोया? मी ह्यूस्टनजवळ राहतो, सात वर्षं ट्रेलर ओढतोय. सुरुवातीला जी चूक केली ती तुमच्या हातून होऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ब्रोशरमधला टोइंगचा आकडा बाजूला ठेवा. टाहो ८,४००, सबर्बन ८,३००, २०१८ ते २०२४ ची एक्स्पिडिशन ९,३००, नवी सेक्वोया ९,५२० पाउंड. या हिशेबानं चारही गाड्या तुमचा ट्रेलर सहज ओढतील. पण हे कमाल आकडे ठराविक इंजिन आणि ठराविक पॅकेजचे असतात आणि ते काढताना गाडीत दोनच माणसं धरतात, तीही प्रत्येकी १५० पाउंडांची. तुम्ही सहाजण आहात.

तुमचा खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरमधल्या हवेची माहिती देणारं पांढरं-पिवळं स्टिकर असतं, त्यावर एक ओळ असते: माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांपेक्षा जास्त नको. हाच पेलोड. समजा तिथे १,६५० लिहिलंय. तुम्ही दोघं ३४०, आई-बाबा २९०, मुलं १४०, म्हणजे झाले ७७०. ट्रेलर आपलं पुढचं टोक हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावर, टेकवतो, तो भार म्हणजे टंग वेट. तो ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. १३ टक्के धरले तर ७८०. हा भार पुढच्या चाकांवरही वाटून देणाऱ्या वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे स्वतःचे ९०. बेरीज १,६४०. उरले दहा पाउंड. कूलर, बॅगा, आईनं सोबत घेतलेला प्रेशर कुकर आणि तांदळाची पिशवी अजून गाडीत ठेवलेलीच नाही.

टंग वेट कमी ठेवू, असं वाटेल. मला तेच वाटलं होतं. गाडी विकणाऱ्यानं सांगितलं होतं, ही आठ हजार ओढते, सात हजारांचा ट्रेलर बिनधास्त घ्या. पहिल्याच मोठ्या प्रवासात आम्ही सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरवर बांधल्या आणि मागच्या बाजूची पाण्याची टाकी काठोकाठ भरली. २८७ नंबरच्या रस्त्यानं विचिटा फॉल्सच्या पुढे चिल्ड्रेसकडे निघालो. आडवा वारा होता. एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी हळू, मग जोरात, आणि त्याच्याबरोबर आमची गाडीही. पाय ब्रेकवर गेला नाही हे नशीब. ॲक्सिलरेटर सोडला आणि ड्रायव्हरजवळच्या ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हातानं दाबले, तेव्हा तो सरळ झाला. मागे दोन्ही मुलं गप्प बसली होती.

बाजूला थांबलो. माझे वडील, आप्पा, कोल्हापूरकडचे. तरुणपणी उसाच्या गाड्या कारखान्याला नेलेला माणूस. ते खाली उतरले, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "उलाळ भरलीयास की रं गाडी." बैलगाडीत भार मागे जास्त झाला की पुढचा भाग वर उचलला जातो आणि जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. जूवर थोडा भार हवाच, नाहीतर गाडी ताब्यात राहत नाही, पण इतकाही नको की बैलाची मान मोडेल. टंग वेटचा सगळा विषय एवढाच आहे.

मग आम्ही पाणी सोडून दिलं (एका गॅलनचं वजन ८.३ पाउंड, ४० गॅलन म्हणजे ३३० च्या वर), सायकली आणि जड खोके पुढे घेतले. ट्रेलर शांत झाला, पण आता गाडीच मागून बसली. रात्री समोरून येणारे लोक डिपर द्यायला लागले, कारण आमचे हेडलाइट आभाळाकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर वजन केलं. तिथे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल असे वेगवेगळे आकडे छापून चिठ्ठी मिळते. मागच्या ॲक्सलवर दारावर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा १४० पाउंड जास्त होते. इंजिन हसत ओढत होतं. कमी पडत होते स्प्रिंग, ॲक्सल आणि टायर.

म्हणून माझं मत: तुमच्यासाठी लांब गाडी. सबर्बन किंवा एक्स्पिडिशनचीच लांब आवृत्ती, एक्स्पिडिशन मॅक्स. सबर्बनचा व्हीलबेस १३४ इंच, मॅक्सचा जवळपास १३२, टाहोचा १२१. चाकांमधलं अंतर जास्त असलं की ट्रेलर गाडीला सहजासहजी हलवू शकत नाही. शिवाय तिसरी रांग उभी ठेवून टाहोत मागे २५.५ घनफूट जागा उरते, सबर्बनमध्ये ४१.५. सहाजणांच्या बॅगांना हा फरक फार मोठा आहे. सेक्वोयाचं इंजिन सुंदर आहे, ४३७ हॉर्सपॉवर, पण हायब्रिडची बॅटरी तिसऱ्या रांगेखाली आहे, त्यामुळे मागची जमीन उंच आणि सीटा सपाट होत नाहीत. चौघांच्या घराला मी तीच सुचवली असती.

टॉप मॉडेलच्या मोहात पडू नका. पॅनोरमिक सनरूफ, २२ इंची चाकं, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या, प्रत्येक गोष्टीचं वजन तुमच्या पेलोडमधून वजा होतं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या स्टिकरवर शेदोनशे पाउंडांचा फरक मी स्वतः पाहिलाय. पण कारखान्यातून आलेलं टोइंग पॅकेज मात्र सोडू नका. रेडिएटर आणि ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर नंतर बसवण्यात शहाणपण नाही.

कोलोरॅडोला जाणार म्हणून इंजिनाबद्दल. उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फूट उंचीमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे, म्हणजे टाहो-सबर्बनच्या ५.३ लिटरच्या व्ही-८ ची तिथे जवळजवळ एकतृतीयांश ताकद गेलेली असते. एक्स्पिडिशनचं ३.५ इकोबूस्ट किंवा सबर्बनचं ३ लिटर डिझेल टर्बोमुळे तिथे जास्त तग धरतं. मी डिझेल घेतलं, उतारावर ते गाडी छान धरून ठेवतं. जुनी ६.२ लिटरची जीएम (शेवरलेची कंपनी) गाडी बघत असाल तर २०२१ ते २०२४ च्या त्या इंजिनांचा एप्रिल २०२५ मध्ये रिकॉल निघालाय, म्हणजे दोषामुळे कंपनीनं गाड्या परत बोलावल्यात. एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या साइटवर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

आई-बाबांसाठी दुसऱ्या रांगेत दोन स्वतंत्र कॅप्टन सीट असलेली गाडी घ्या. मुलं मधल्या वाटेनं मागे जातात, आजी-आजोबांना उठावं लागत नाही. पायरी साधी, कायमची बसवलेली, रुंद हवी, आणि आत चढायला खांबावर हँडल. टेस्ट ड्राइव्हला माझ्या आईला नेलं नव्हतं. तिचे गुडघे दुखतात, आणि पहिले दोन महिने ती प्रत्येक पेट्रोल पंपावर गाडीतच बसून राहायची, का ते आम्हाला उशिरा कळलं. आई-बाबा येईपर्यंत थांबता येत असेल तर थांबा आणि त्यांना शोरूममध्ये घेऊन जा.

ट्रेलर गाडी ठरल्यावर घ्या. त्याचं रिकामं वजन बघू नका, जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरल्यावरचं जास्तीत जास्त परवानगी असलेलं वजन, बघा. तुमच्या बाबतीत तो ५,००० च्या आसपास असेल तर मला जास्त बरं वाटेल. आवडलेला ट्रेलर सोडवत नसेल तर त्या एका प्रवासात दोन गाड्या काढा, आई-बाबा दुसरीत. ट्रेलरच्या टायरच्या बाजूवर वेगमर्यादा लिहिलेली असते, अनेकदा ताशी ६५ मैल. २८७ वर लोक ७५ नं जातात, त्यांना जाऊ द्या.

शनिवारी शोरूमला गेलात की आवडलेल्या प्रत्येक गाडीचं दार उघडून त्या स्टिकरचा फोटो काढा. तो आकडा, सहाजणांचं वजन आणि ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर इथे लिहा, मी बेरीज करून सांगतो.