वाचकांचे प्रश्न : येणी, एक्सेल आणि पायथन

प्रश्न : इचलकरंजीत माझा ग्रे (कोऱ्या, न रंगवलेल्या) कापडाचा धंदा आहे. दीडशेएक व्यापाऱ्यांकडची येणी एक्सेलमध्ये ठेवतो. कुणाचं किती दिवस थकलंय हे काढण्यात दर सोमवारी अर्धा दिवस जातो. रोज तासभर दिला तर स्वतः प्रोग्रॅमिंग शिकून हे जमेल का?

उत्तर : जमेल. फक्त अ‍ॅप बनवायच्या मागे लागू नका, थकबाकीची ही एकच यादी धरा. भाषा पायथन घ्या. विंडोजवर इन्स्टॉल करताना पहिल्याच पडद्यावर तळाशी ‘पाथ’ची चौकट दिसते, तिच्यावर खूण करा. ती राहिली की कमांड प्रॉम्प्ट पायथनला ओळखत नाही आणि बरेच जण तिथेच हाय खातात. पहिले तीन आठवडे व्हेरिएबल, इफ, फॉर, लिस्ट, डिक्शनरी आणि फंक्शन, बस.

चौथ्या आठवड्यात स्वतःची फाइल घ्या. मूळ नव्हे, तिची प्रत. ती ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणूनच सेव्ह करा. सीएसव्ही म्हणजे रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल. साध्या सीएसव्हीत मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. रक्कम १,२५,००० अशी स्वल्पविरामांसकट आली तर पायथन ती आकडा मानत नाही, आधी स्वल्पविराम काढा. हिशेब रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा. दशांशात ०.१ आणि ०.२ मिळवलेत तर उत्तरात ३ नंतर पंधरा शून्यं आणि शेवटी एक ४ दिसेल. शेकडो बिलांत असल्या फरकाने ताळमेळ बसत नाही.

तारखा मात्र डोळ्यांनी बघा. संगणकातली तारखेची मांडणी अमेरिकन, म्हणजे आधी महिना मग दिवस अशी असेल तर ०५/०४ म्हणजे ४ मे धरला जातो. १३/०४ ला तेरावा महिनाच नसल्याने तो मजकूर म्हणून राहतो आणि रकान्यात डावीकडे चिकटतो. डावी-उजवी सरमिसळ दिसली की समजा, महिने उलटलेत.

खरी अडचण पुढे आहे. व्यापारी ‘खात्यावर जमा’ म्हणून दोन लाख पाठवतो, ते कुठल्या बिलात वळते करायचे? सर्वांत जुन्या? वटाव (सूट) कापून पाठवले असतील तर? दलालाशी ठरलेली मुदत ४५ दिवसांची की ६०? हे नियम तुमच्या डोक्यात आहेत, बाहेरच्या प्रोग्रॅमरला ठाऊक नसतात. म्हणून कोड लिहिण्याआधी ते वहीत मराठीत लिहून काढा. दोन दिवस लागले तरी लागू द्यात. नियम असे सुटे झाले की कोड एआयकडून लिहून घेतलात तरी हरकत नाही, पण दहा खाती हाताने तपासा, त्यांत अर्धवट भरलेली तीन तरी हवीत. एकूण येणं टॅलीतल्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या) आकड्याशी पैशापर्यंत जुळल्याशिवाय कुणालाही तगाद्याचा फोन करू नका.

जीएसटीचा भरणा आणि ऑनलाइन पैसे घेणं मात्र तयार सॉफ्टवेअरवरच राहू द्या.