आयुर्मान की आयुर्मर्यादा?

प्रश्न असा आला आहे: एका बातमीत 'अमेरिकेची आयुर्मर्यादा ७८.४ वर्षे, तोलामोलाच्या देशांहून कमी' असं छापलं होतं. दुसरीकडे त्याच आकड्याला 'आयुर्मान' म्हटलं होतं, तिसरीकडे 'सरासरी वय'. बरोबर काय?

माझं मत आयुर्मानाला. आयुस् अधिक मान. मान म्हणजे माप, तेच जे तापमानात, पर्जन्यमानात, राहणीमानात आहे. (आशीर्वादातल्या 'आयुष्मान'शी गल्लत नको, तिथे 'मत्' प्रत्यय आहे.) महाबळेश्वरचं पर्जन्यमान सांगितलं म्हणून दर वर्षी नेमका तितकाच पाऊस पडेल असं कोणी समजत नाही. आयुर्मानही तसंच वाचायचं.

'सरासरी वय' सरळच चूक. ते आज हयात असलेल्यांचं, आणि पाळणे कमी हलले की तेही वाढतं.

'आयुर्मर्यादा' जास्त फसवी. मर्यादा म्हणजे जिच्यापलीकडे जाता येत नाही ती. खात्रीलायक नोंदींमधली माणसाची मर्यादा पाहायची तर ती फ्रान्सच्या झान काल्माँ यांची: १९९७ साली त्या गेल्या तेव्हा १२२ वर्षांच्या होत्या. ७८.४ ही भानगड निराळी. २०२३ साली अमेरिकेत एकेका वयाला जो मृत्युदर होता, तोच आज जन्मलेल्या बाळांना जन्मभर लागू राहिला, तर ती सरासरी किती जगतील, याचा तो हिशेब. भाकीतसुद्धा नव्हे.

'मर्यादा' वाचून वाटतं, तिकडचे म्हातारे अठ्ठ्याहत्तरीलाच आटोपतात. पण त्याच वर्षीच्या हिशेबात पासष्टी गाठलेल्याच्या वाट्याला आणखी १९.५ वर्षं येतात, म्हणजे झाली साडेचौऱ्याऐंशी! २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच तज्ज्ञांनी १७ श्रीमंत देशांची तुलना केली. त्यात अमेरिकन पुरुष आयुर्मानात सगळ्यांत खाली होते. पंचाहत्तरी ओलांडलेले अमेरिकन मात्र इतरांहून जास्त जगत होते. गळती त्याआधीच होते. तान्ही मुलं जातात, रस्त्यावरचे अपघात, बंदुका आणि अमली पदार्थ तरण्याताठ्यांना नेतात. २०२२ या एका वर्षात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने लाखाहून अधिक माणसं गेली. पंचविशीतला एक मुलगा गेला की हिशेबातून पन्नासहून जास्त वर्षं वजा होतात, नव्वदीतल्या आजोबांमागे जेमतेम चार-पाच. राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे सहावा हिस्सा आरोग्यावर खर्चूनही २०२३ साली अमेरिका ७८वर आणि जपान ८४च्या घरात, यातला बराचसा फरक असा म्हातारपणाआधीच पडलेला असतो. 'मर्यादा' शब्दाने नेमकं हेच झाकलं जातं.

काही जण 'अपेक्षित आयुर्मान' लिहितात. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते चोख आहे, तिथे 'अपेक्षित' म्हणजे सरासरीने येणारं. पण आपल्याकडे अपेक्षा सासूला सुनेकडून असतात, त्यामुळे सामान्य वाचक बिचकतो. मी 'जन्मवेळचं आयुर्मान' लिहीन आणि पुढच्या वयासाठी 'पासष्टीला उरलेलं आयुर्मान'. 'जन्मवेळचं' गाळू नये, नाहीतर ७८.४ आणि साडेचौऱ्याऐंशीची सांगड बसत नाही.

बाकी 'तोलामोलाचे देश' लिहिणाऱ्या त्या बातमीदाराला शाबासकी. दुसरा कोणी असता तर 'समकक्ष राष्ट्रे' लिहून मोकळा झाला असता.